असाच निळा

रिन्त्स, तुमचा फोन आला तेव्हा मी भांडी विसळत होते,
आणि तुम्ही स्वतःच्या नावाआधी
आजाराचं नाव सांगितलंत.
पहिल्या वर्षी मीही तसंच करायची.

तुमची बोट साडेचारला बेटाकडे सुटते म्हणता ना,
तोवर ऐका.

मी हार्लिंगेनच्या धक्क्यावर रंग कालवते.
होड्यांचे रंग. एकवीस वर्षं झाली.
लोक जुन्या फळीचा ढलपा आणून टेबलावर ठेवतात,
म्हणतात, असाच.
मी असाच द्यायची.
एका मार्चमध्ये यान-सीत्सेनं डबा परत आणला,
"विट्स्के, राखाडी झालाय गं हा."
मी डबा खिडकीशी नेला, दारात नेला, बाहेर उन्हात नेला.
ढलपा आणि डबा.
मला दोन्ही सारखेच दिसले.

मग दिव्यांना कडी आली.
पाण्यात काजळी पडावी तसं डोळ्यांपुढे काही तरंगायला लागलं.
चष्मेवाला म्हणाला, वय.
लेउवार्डेनचा डॉक्टर म्हणाला, थकवा.
दौवे काहीच म्हणाला नाही,
त्यानं एका रात्रीत जिन्याच्या पायऱ्यापायऱ्यांना
पांढरी पट्टी ओढली.

नाव सापडायला चौदा महिने लागले.
ग्रोनिंगेनला डॉक्टर येन्सेमांनी पडद्यावर दाखवलं:
डोळ्याच्या आतल्या भिंतीवर सायीच्या रंगाचे ठिपके,
कुणी पाखरांवर बंदूक झाडावी
आणि छर्रे भिंतीत रुतावेत, तसे.
कुणी झाडले, मी विचारलं.
"तुमच्याच रक्तानं," त्या म्हणाल्या,
"राखणदारानं घरातल्यालाच चोर समजावं, तसं."

आता त्यांना सांगायला वेळ नसतो ते सांगते.
गोळ्यांनी तोंड पावासारखं फुगेल.
रात्र रात्र डोळ्याला डोळा लागणार नाही;
मी पहाटे तीनला कपाटं आवरायची,
शेजारणीचंसुद्धा आवरून दिलं असतं.
सुई फ्रीजमध्ये ठेवा, चीजच्या वरच्या कप्प्यात,
आणि अर्धा तास आधी बाहेर काढा,
गार टोचली तर झोंबते.
त्या घुमटात डोकं घालून बटण दाबायची चाचणी असते ना,
ठिपका दिसला की दाबायचं,
तिथं मी न दिसताच दाबायची.
पास व्हायचं होतं मला.
तसं करू नका.

आणि दुसरं माणूस शोधा.
मला झ्वोलेच्या स्टेशनवर भेटली आल्बेर्ट्जे,
चर्चमधले ऑर्गन सुरात लावणारी, सत्तरीची.
तिनं कॉफीचा कप उचलताना
आधी बोटानं टेबलाची कड शोधली,
मग बशी, मग कान,
अगदी माझ्याच क्रमानं.
मला रडूच फुटलं.
ती म्हणाली, "रडा खुशाल, पण डोळे चोळू नका."
गेल्या हिवाळ्यात गेली ती. डोळ्यांनी नाही, हृदयानं.
तिचं ते वाक्य आता माझ्याकडे आहे,
म्हणून तुम्हाला देते.

निळा?
नाही, सगळा नाही आला परत.
जेवढा गेला होता तिथं थांबला, एवढंच,
आणि थांबणं म्हणजे काय ते मला आधी ठाऊक नव्हतं.
आता दुकानात निन्के माझ्या बाजूला उभी असते,
ती बघते, मी वजनानं ओतते.
"अजून थोडा," म्हणते.
किती थोडा, ते मी तिच्या आवाजावरून ओळखते.

मंगळवारी अकराची वेळ मिळाली म्हणालात.
तिसरा मजला. थेंब घालतील, दिवसभर उजेड सहन होणार नाही,
गाडी घेऊन येऊ नका.
कप्तानाला एवढ्यात सांगायचं की नाही, ते परतताना बोलू.
मी येते आहे.
दाराशी पिवळ्या रेनकोटात उभी असेन.
पिवळा दिसला नाही
तर हाक मारीन.